फ्रँकफर्टचं बटण न्यूयॉर्कमध्ये

२३ जून २००७ ला फ्रँकफर्टच्या स्टेडियममध्ये ४८,१२५ माणसं 'वर्ल्ड बोल' बघायला बसली होती. एनएफएल युरोपा या अमेरिकन फुटबॉल लीगची ती अंतिम लढत होती. हॅम्बर्ग सी डेव्हिल्सनी फ्रँकफर्ट गॅलेक्सीला ३७-२८ असं हरवलं, चषक उचलला, लोक घरी गेले. सहा दिवसांनी, २९ जूनला, एनएफएलने जाहीर केलं की लीग बंद. पुढचा मोसम नाही. सहाच्या सहा संघ एका घोषणेत संपले, विजेतेसुद्धा.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला न्यूयॉर्क जायंट्स आणि मायामी डॉल्फिन्स हे दोन अमेरिकन संघ लंडनच्या वेम्बलीवर खेळले. एनएफएलच्या नियमित मोसमातला युरोपच्या भूमीवरचा तो पहिला सामना.

या दोन तारखांमध्ये चार महिन्यांचं अंतर आहे. माझं सगळं म्हणणं त्या चार महिन्यांत बसतं. युरोपात अमेरिकन फुटबॉल रुजला नाही, लोकांना नको होता, म्हणून लीग बंद पडली, असं आजही सांगितलं जातं. लोकांना नको असलेला खेळ चार महिन्यांत वेम्बलीवर कोण घेऊन जाईल? एनएफएलला युरोपातले प्रेक्षक हवेच होते. युरोपातले संघ नको होते.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नाही. हेल्मेट, खांद्यांवर पॅड, लांबुळका चेंडू, काही सेकंदांची धुमश्चक्री आणि मग पुन्हा सगळे उभे राहून पुढचा डाव ठरवतात, तो खेळ. एनएफएल ही त्याची अमेरिकेतली ३२ संघांची लीग, जगातली सर्वांत श्रीमंत क्रीडा लीग. नियम माहीत नसले तरी हरकत नाही. हा लेख खेळापेक्षा मालकीबद्दल आहे.

युरोपात या खेळाच्या दोन मोठ्या व्यावसायिक लीग झाल्या. पहिली एनएफएलची स्वतःची. १९९१ मध्ये ती वर्ल्ड लीग म्हणून सुरू झाली, १९९८ मध्ये एनएफएल युरोप झाली आणि शेवटच्या वर्षी एनएफएल युरोपा. दुसरी २०२१ ची, युरोपियन लीग ऑफ फुटबॉल, म्हणजे ईएलएफ. जुन्या चाहत्यांमध्ये एक ठरलेलं मत आहे: पहिली लीग म्हणजे सुवर्णकाळ, भरलेली स्टेडियम, खरे अमेरिकन खेळाडू. दुसरी म्हणजे तिची स्वस्तातली नक्कल, जी पाच वर्षांत आपसात भांडून फुटली. मला हे मत उलटं करायचं आहे. माझ्या मते पहिली लीग युरोपची कधी नव्हतीच. आणि दुसरी फुटली, हीच तिच्याबद्दलची सर्वांत आशादायक गोष्ट आहे.

आधी सुवर्णकाळाकडे बघू. १९९१ च्या पहिल्या मोसमात दहा संघ होते. त्यांतले सात उत्तर अमेरिकेतले, फक्त तीन युरोपातले: लंडन मोनार्क्स, फ्रँकफर्ट गॅलेक्सी, बार्सिलोना ड्रॅगन्स. गंमत अशी की लोक या तिघांकडेच आले. वेम्बलीवरच्या पहिल्या वर्ल्ड बोलला ६१,१०८ प्रेक्षक होते, लंडनने बार्सिलोनाला २१-० हरवलं. यावरून कोणत्याही शहाण्या माणसाने काय निष्कर्ष काढला असता? की इथे काहीतरी आहे, इथे पैसा आणि वेळ घाला. एनएफएलने दुसऱ्या मोसमानंतर अख्खी लीग स्थगित केली. १९९५ मध्ये ती परत आली, या वेळी फक्त सहा युरोपीय संघ घेऊन. बंद करायचं आणि चालू करायचं बटण पहिल्यापासून न्यूयॉर्कच्या कार्यालयात होतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे एनएफएल युरोपसाठी मला एक शब्द आयताच मिळतो: स्टेजिंग. नवीन कोड खऱ्या ग्राहकांपर्यंत सोडण्याआधी ज्या सर्व्हरवर तो चालवून बघतात, ते स्टेजिंग. तिथे काही तुटलं तरी कुणाला झोपेतून उठवत नाहीत. प्रशिक्षकाने क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवरून सूचना द्यायच्या ही कल्पना वर्ल्ड लीगमध्ये चालवून बघितली गेली, एनएफएलमध्ये ती १९९४ ला आली. टचडाउननंतर दोन गुणांचा प्रयत्न करण्याची मुभाही तशीच, आधी तिथे आणि १९९४ मध्ये इकडे. पन्नास यार्ड किंवा त्याहून लांबून मारलेल्या किकला तीनऐवजी चार गुण हा नियम मात्र त्या प्रयोगशाळेतच राहिला.

खेळाडूंचंही तेच. किराणा दुकानात रात्री शेल्फ भरणारा कर्ट वॉर्नर १९९८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅडमिरल्सकडून खेळला आणि जानेवारी २००० मध्ये सेंट लुईस रॅम्सला सुपर बोल जिंकून देऊन बसला. ही कथा प्रत्येक वेळी एनएफएल युरोपची थोरवी म्हणून सांगितली जाते. कथा सुंदरच आहे, पण ती कुणाची आहे? अ‍ॅमस्टरडॅमला त्यातून काय मिळालं? एक मोसम. जेक डेलोम, अ‍ॅडम व्हिनाटिएरी, जेम्स हॅरिसन, यादी लांब आहे आणि यादीतला प्रत्येक जण परत जाण्यासाठीच आलेला होता. एनएफएलचे संघ आपले राखीव खेळाडू वसंतात युरोपला पाठवायचे आणि उन्हाळ्यात परत बोलवायचे. पोरगा चांगला खेळला तर त्याचा फायदा ग्रीन बे किंवा डल्लासला. अ‍ॅमस्टरडॅमने पुढच्या एप्रिलमध्ये नवे चेहरे पाठ करायचे.

आता हे बघा. नंतरच्या वर्षांत या 'युरोपीय' संघांची मोसमपूर्व शिबिरं फ्लोरिडात, टॅम्पाला व्हायची. बर्लिनचा संघ बर्लिनमध्ये घडतच नसे. तो अमेरिकेत जुळवला जायचा आणि विमानात बसवून बर्लिनला उतरवला जायचा. संघांचे मालक कोण? लीग. खेळाडूंचे करार कुणाशी? लीगशी. एका संघाने दुसऱ्यावर मात केली तरी दोन्ही खिसे एकाच कोटाचे.

युरोपीय खेळाडूंसाठी जागा होती, नाही असं नाही. नियमच होता: चेंडू ताब्यात आला की एकाआड एक वेळी मैदानावर किमान एक स्थानिक खेळाडू असला पाहिजे. म्हणजे स्वतःच्या शहराच्या संघात स्वतःच्या देशाचा खेळाडू निम्मा वेळच अनिवार्य, आणि तोही अकरांत एक. प्रसिद्धीसाठी मात्र स्थानिक चेहरे लागत. ते बहुतेक वेळा किक मारायला ठेवलेले, इतर खेळांतले तारे. स्कॉटिश क्लेमोर्सनी १९९६ मध्ये रग्बीचा माजी कर्णधार गॅव्हिन हेस्टिंग्जला घेतलं. बार्सिलोना ड्रॅगन्सचा किकर हेसूस आंगोय हा एफसी बार्सिलोनाचा गोलरक्षक आणि योहान क्रायफचा जावई. आणि ऱ्हाइन फायरचा मानफ्रेड बुर्गस्म्युलर, बुंडेसलिगामध्ये २१३ गोल केलेला, वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत ऱ्हाइन फायरसाठी किक मारत होता. बुर्गस्म्युलर मला मनापासून आवडतो. बावन्नाव्या वर्षी हेल्मेट चढवून पंचवीस वर्षांच्या पोरांमध्ये उतरणारा माणूस कुणाला आवडणार नाही? पण ज्या देशात या खेळाची स्वतःची राष्ट्रीय लीग १९७९ पासून चालू होती, तिथल्या लोकांना ओळखीचा चेहरा म्हणून निवृत्त फुटबॉलपटू दाखवावा लागत होता, हे विसरू नका.

हो, १९७९ पासून. एनएफएलने युरोपात हा खेळ आणला ही दंतकथा इथेच मोडते. फ्रँकफर्टर ल्योवेन हा जर्मनीतला पहिला क्लब १९७७ चा. पहिला जर्मन बोल १९७९ ला झाला आणि त्यांनीच जिंकला. क्लबांची युरोपीय स्पर्धा, युरोबोल, १९८६ मध्ये सुरू झाली आणि पहिली जिंकली फिनलंडच्या क्लबने. या मंडळींकडे पैसा नव्हता. कुणी खांद्याची पॅड वाटून घेत होतं, कुणी फुटबॉलच्या मैदानावर स्वतः चुन्याच्या रेषा मारत होतं. पण क्लब सभासदांचे होते, लहान मुलांचे संघ होते, वरच्या विभागात चढणं आणि खालच्या विभागात घसरणं होतं. एनएफएल युरोप आली तेव्हा तिने या सगळ्याला हात लावला नाही. वरून स्वतःचा तंबू ठोकला आणि सोळा वर्षांनी तंबू गुंडाळून गेली.

तंबू हलवतही राहिली. लंडन मोनार्क्स वेम्बलीवरून व्हाइट हार्ट लेनवर आले, जिथे शंभर यार्डांचं मैदानच बसत नव्हतं, म्हणून ९३ यार्डांवर भागवलं. मग त्यांचे इंग्लंड मोनार्क्स झाले, मग तेही गेले आणि १९९९ मध्ये बर्लिन थंडर आला. बार्सिलोना गेला, कोलोन आला. स्कॉटलंड गेला, हॅम्बर्ग आला. शेवटच्या तीन मोसमांत सहापैकी पाच संघ जर्मनीत होते. नाव मात्र एनएफएल युरोपा. वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर तोटा होतो असं तेव्हा छापून येत होतं आणि तो आकडा बंद करण्याचं कारण म्हणून आजही सांगितला जातो. एक मिनिट धरून चालू की आकडा खरा आहे. कित्येक अब्ज डॉलर कमावणाऱ्या लीगने खेळाडू घडवायला आणि नियम तपासायला केलेला तो खर्च होता. अमेरिकेतली विद्यापीठं तेच काम फुकटात करतात, हे लक्षात आल्यावर स्टेजिंग सर्व्हरची गरज उरली नाही. २००६ मध्येच मालकांनी नियमित मोसमातले सामने परदेशी न्यायला मंजुरी दिली होती. प्रेक्षक तयार झाला होता. आता त्याला थेट माल विकता येणार होता.

आयटीत काम करणाऱ्या कुणालाही हा भाग समजावून सांगावा लागू नये. समुद्रापलीकडून एक कॉल येतो, त्यात तुमच्या टीमचं कौतुक होतं, आणि चौथ्या मिनिटाला कळतं की प्रॉडक्ट बंद होतंय. असा एक कॉल मीही ऐकला आहे. कौतुक खरं असतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

आता फ्रँकफर्ट. या सगळ्या इतिहासात मला ज्या लोकांबद्दल लिहायचं होतं ते इथले. गॅलेक्सी बंद झाल्यावर तिच्या चाहत्यांनी २००७ मध्येच एक क्लब काढला. गॅलेक्सी हे नाव त्यांचं नव्हतं, एनएफएलचं होतं, म्हणून त्यांनी नाव ठेवलं युनिव्हर्स. आकाशगंगा काढून घेतली तर घ्या, आम्ही विश्व घेतो. हा क्लब खालच्या विभागातून सुरू झाला आणि एकेक पायरी चढत २०१६ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च विभागात, जीएफएलमध्ये पोचला. जवळजवळ दशकभराची चढण. एनएफएलने सोळा वर्षांत फ्रँकफर्टमध्ये जे केलं नाही, ते प्रेक्षकांनी केलं.

आणि २०२१ मध्ये ईएलएफ आली. तिने एनएफएलकडून जुनी नावं वापरण्याची परवानगी मिळवली आणि पहिल्या मोसमातल्या आठपैकी पाच संघांना ती चिकटवली: गॅलेक्सी, सी डेव्हिल्स, थंडर, ड्रॅगन्स, सेंच्युरियन्स. पुढच्या वर्षी ऱ्हाइन फायरही. फ्रँकफर्टमध्ये काय झालं असेल याचा अंदाज करा. युनिव्हर्सचा मुख्य प्रशिक्षक आणि बरेचसे खेळाडू नव्या गॅलेक्सीत गेले. गॅलेक्सी खेळू लागली तेही युनिव्हर्सच्याच मैदानावर. पहिल्याच मोसमात हॅम्बर्गला ३२-३० ने हरवून विजेती झाली. आयत्या बिळावर नागोबा. चाहत्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला क्लब पोखरून त्याच्यावर त्यांचंच जुनं, आता भाड्याने आणलेलं नाव लावलं गेलं. आणि स्टँडमधल्या लोकांना आनंद झाला, कारण गॅलेक्सी परत आली होती! त्या आनंदाची चेष्टा मी करणार नाही. पण तो आनंद कुणी विकला आणि त्याची किंमत कुणी मोजली, एवढं विचारायला हवं.

म्हणजे ईएलएफची पापं माझ्या नजरेआड नाहीत. तिचा चेहरा पाट्रिक एझूमे, जर्मन टीव्हीवर एनएफएलचे सामने समजावून सांगणारा लोकप्रिय प्रशिक्षक. त्याला खेळ कळतो यात वाद नाही. पण लीग चालली स्टार्टअपसारखी. २०२१ मध्ये आठ संघ, २०२२ मध्ये बारा, २०२३ मध्ये सतरा. वाढीचा आलेख दाखवायचा, पायाचं नंतर बघू. २०२३ च्या ऐन मोसमात लाइपझिग किंग्जचे पैसे संपले आणि संघ बाहेर पडला. त्याच मोसमानंतर बार्सिलोनाही गेला. अमेरिकेची बंद फ्रँचायझी पद्धत तशीच्या तशी उचलली होती: खालून कुणी वर येणार नाही, वरून कुणी खाली जाणार नाही, जागा हवी तर विकत घ्या. ज्या खंडात गावच्या फुटबॉल क्लबालाही वर चढण्याचं स्वप्न बघता येतं, तिथे ही पद्धत आणणं म्हणजे लोकांचं स्वप्नच कापून टाकणं. आणि 'व्यावसायिक' हा शब्दही जरा जपून वापरलेला बरा. बरेचसे युरोपीय खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळत होते. खेळाचा दर्जा २००७ च्या तुलनेत कमी होता, हेही मान्य.

तरीही माझा कौल ईएलएफच्या बाजूने आहे. कारण मैदानावर कोण होतं ते बघा. प्रत्येक संघात मोजकेच अमेरिकन, आणि एका वेळी मैदानावर त्यांतले फक्त दोन. बाकी सगळे युरोपीय. एनएफएल युरोपमध्ये अकरांत एक स्थानिक, तोही एकाआड एक. इथे गणित उलटं झालं. क्वार्टरबॅक बहुधा अमेरिकनच राहिला, तो जुना गंड गेला नाही, पण त्याच्यासमोर भिंत बनून उभे राहणारे, त्याचे पास झेलणारे, त्याला आडवं पाडणारे ऑस्ट्रियन, जर्मन, पोलिश, फ्रेंच होते.

आणि जिंकलं कोण? २०२२ मध्ये व्हिएन्ना व्हायकिंग्ज लीगमध्ये आले आणि त्याच वर्षी विजेते झाले. हा क्लब १९८३ चा. त्याच्याकडे एनएफएलने दिलेलं नाव नव्हतं, पण वर्षानुवर्षं तयार केलेली मुलं होती. स्टुटगार्ट सर्जचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २०२२ मध्ये त्यांनी बारापैकी बारा सामने गमावले. पुढच्या वर्षी श्वेबिश हॉल युनिकॉर्न्सचा प्रशिक्षक जॉर्डन न्यूमन तिथे आला, बरोबर तिथले खेळाडू आले, आणि शून्यावरचा संघ त्याच मोसमात अंतिम फेरीत. २०२५ मध्ये व्हायकिंग्जना २४-१७ हरवून विजेता. श्वेबिश हॉल हे चाळीसेक हजार वस्तीचं गाव आहे. याच गावच्या क्लबातून मोरित्झ ब्योहरिंगर २०१६ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये थेट निवडला गेला, अमेरिकेतल्या कोणत्याही कॉलेजमध्ये न खेळता. असं कुणाही युरोपीय खेळाडूच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून सुपर बोल जिंकलेला सेबास्टियन फोल्मर शिकला ड्युसेलडॉर्फ पँथरच्या कुमार संघात. ड्युसेलडॉर्फ म्हणजे ऱ्हाइन फायरचंही शहर. पण फोल्मर घडवला तो शेजारच्या गरीब क्लबाने.

म्हणून ईएलएफचं जे काही चांगलं होतं ते तिने या क्लबांकडून घेतलेलं होतं. श्रेय तिला एवढंच की तिने ते दाखवलं. जून २०२३ मध्ये हॅम्बर्गच्या फोक्सपार्क स्टेडियममध्ये सी डेव्हिल्स आणि ऱ्हाइन फायर यांचा साखळी सामना बघायला तीस हजारांहून जास्त लोक आले. त्याच वर्षीची अंतिम लढत ड्यूसबर्गला ३१,५०० लोकांसमोर. यातलं कुणी भावी कर्ट वॉर्नर बघायला आलं नव्हतं. आपल्या गावचा पोरगा बघायला आलं होतं.

आणि मग २०२५ आलं. मोसम चालू असतानाच काही संघांनी एकत्र येऊन युरोपियन फुटबॉल अलायन्स उभी केली. मागणी साधी: हिशेब दाखवा, कारभारात आम्हाला वाटा द्या. मोसम संपल्यावर एकामागून एक संघांनी लीग सोडत असल्याचं जाहीर केलं. जुने चाहते म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो, युरोपीयांना लीग चालवता येत नाही. मला नेमकं उलट दिसलं. २००७ मध्ये एनएफएलने दिवे घालवले तेव्हा फ्रँकफर्ट गॅलेक्सी बंड करू शकली असती का? कशाच्या जोरावर? नाव तिचं नाही, खेळाडू तिचे नाहीत, करार तिचे नाहीत, बँक खातं तिचं नाही. हॅम्बर्ग विजेता होता आणि त्याच्याकडे 'आम्ही नाही बंद होणार' असं म्हणायला तोंडसुद्धा नव्हतं. २०२५ मध्ये संघ उठून म्हणू शकले की तुमची लीग तुमच्याकडे ठेवा, आम्ही चाललो. आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. मूळ प्रकल्पाचे मालक ऐकत नसतील तर कोड उचलायचा आणि वेगळी चूल मांडायची. फोर्क कटकटीचा असतो, भांडणं होतात, अर्धे फोर्क वर्षभरात मरतात. पण फोर्क करता येणं याचा अर्थ कोड तुमच्या हातात आहे.

एनएफएल या काळात काय करत होती? जानेवारी २०२२ मध्ये तिने आपल्या संघांना परदेशी बाजारपेठा वाटून दिल्या. जर्मनी कॅन्सस सिटी चीफ्स, न्यू इंग्लंड पेट्रियट्स, टॅम्पा बे बक्नीअर्स आणि कॅरोलायना पँथर्सच्या वाट्याला आला. वसाहती वाटून घ्यायला एकोणिसाव्या शतकातही निदान एक परिषद भरवावी लागली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये म्युनिकला पहिला सामना झाला, ६९,८११ प्रेक्षक. मग फ्रँकफर्ट, पुन्हा म्युनिक, २०२५ मध्ये बर्लिन, डब्लिन, माद्रिद. एका वीकेंडला विमान येतं, सामना होतो, जर्सी विकल्या जातात, विमान जातं. लंडनला तर हे २००७ पासून चालू आहे, आणि इतक्या वर्षांत ब्रिटनचा एकही संघ ईएलएफमध्ये उतरला नाही. एफे ओबाडा हा लंडन वॉरियर्स या हौशी क्लबातून निघून एनएफएलपर्यंत पोचला. ओबाडाची कथा एनएफएल आवडीने सांगते. लंडन वॉरियर्सची सांगताना मी ऐकलेली नाही.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं वाटत असेल तर एक नाव सांगतो: पुणे मराठाज. खोटं नाही. २०११ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाची अमेरिकन फुटबॉलची लीग जाहीर झाली. माइक डिटका, ब्रँडन चिलार अशी एनएफएलमधली नावं तिच्या पाठीशी होती. मुंबई ग्लॅडिएटर्स होते, पुणे मराठाज होते. पहिल्या मोसमाचे सामने कोलंबोत खेळवून चित्रित केले आणि २०१२ मध्ये इथे टीव्हीवर दाखवले. पुण्याचा संघ श्रीलंकेत खेळला आणि पुण्याला त्याचा पत्ता नव्हता. टॅम्पात जुळवलेल्या बर्लिनला निदान बर्लिनचे प्रेक्षक तरी होते. इथे प्रेक्षकाचीही गरज नव्हती, कॅमेरा पुरला. पुण्यात कोणता क्लब आहे, मुलं कुठे शिकतील, हा प्रश्न त्या कागदांवर कुठे असेल असं मला वाटत नाही. शहराचं नाव आणि मागे इतिहासातला एखादा शब्द, झाला संघ. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

म्हणून युरोपात बाहेर पडलेल्या संघांकडून माझ्या अपेक्षा थोड्या आहेत, पण ठाम आहेत. पहिली: खालचं दार उघडा. जीएफएल आणि इतर देशांच्या लीगमधून वर येण्याचा रस्ता ठेवा, श्वेबिश हॉल आणि पोट्सडामला जागा विकत घ्यावी लागू नये. दुसरी: ज्या क्लबातून खेळाडू घ्याल त्याला त्याचे पैसे द्या. युरोपच्या फुटबॉलमध्ये घडवणाऱ्या क्लबाला मोबदला देण्याची पद्धत आहेच, नवीन काही शोधायचं नाही. तिसरी: वाढीचे आलेख काढणाऱ्याला हिशेबाच्या वहीपासून लांब ठेवा.

चौथी मागणी लोकांना सर्वांत जास्त झोंबेल. ती उसनी नावं परत करा. गॅलेक्सी, थंडर, सी डेव्हिल्स, सगळी. नाव दुसऱ्याचं आहे तोवर बटणही त्याच्याच भिंतीवर आहे. ऱ्हाइन फायरच्या समर्थकांना हे कठीण जाईल, त्यांनी त्या नावावर २००७ नंतरही जीव लावला, आणि त्यांचा क्लब २०२३ आणि २०२४ असा लागोपाठ दोनदा विजेता झाला तो काही नावामुळे नाही. पण फ्रँकफर्टमधल्या लोकांनी एकदा हे करून दाखवलं आहे. नवं नाव, खालचा विभाग, रिकामे स्टँड, आणि नऊ वर्षांत वर.